मॉरिस मायनरचे ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन: आधी काय उघडायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: १९५९ची मॉरिस मायनर १०००, बारा वर्षं उभी होती, इंजिन आता नीट चालतंय. पण ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, पेडल दोन-तीनदा मारल्याशिवाय वर येत नाही आणि खराब रस्त्यावर पुढून खटखट ऐकू येते. ब्रेकचं किट आणि सस्पेन्शनचं किट, दोन्ही तुमच्याकडे येऊन पडलेत. आधी कशाला हात घालायचा, की हे सगळं सोडून पुढे सरळ डिस्क ब्रेकच लावायचे, असं तुम्ही विचारलंय.

डिस्कचं शेवटी बोलू. आधी एक विनंती. खाली सांगतोय ती तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, घरासमोर मागे-पुढे करायलासुद्धा नको. ब्रेक कच्चे आहेत हे कारण आहेच, पण मला जास्त काळजी त्या खटखटीची वाटते.

मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभी स्विव्हल पिन असते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर ट्रनियन, म्हणजे आतून आटे असलेले जोडाचे तुकडे, फिरवून बसवलेले असतात. स्टिअरिंग फिरवलं की पिन त्या आट्यांमध्ये फिरते, म्हणजे बोल्टवर नट फिरावा तसं. चाकाला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे हे आटेच. ग्रीस वेळेवर मिळालं तर ते वर्षानुवर्षं टिकतात. ग्रीस मिळालं नाही, पाणी शिरलं, तर आतल्या आत झिजत जातात आणि बाहेरून काहीच कळत नाही. शेवटी एक दिवस पिन खालच्या ट्रनियनमधून सुटते आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. माझ्यासमोर हे एकदाच घडलंय. गाडी कामाला आली होती, मालक स्टिअरिंग पूर्ण कापून ती मागे घेत होते, वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी. धप्प असा एक आवाज आला आणि पुढचा उजवा कोपरा जमिनीला टेकला. ब्रेकचा होजही (रबरी नळी) तुटला. त्याच दिवशी सकाळी ती गाडी मोठ्या रस्त्यावरून चालत आली होती. त्या दिवसापासून माझ्याकडे कुठलीही मायनर कुठल्याही कामासाठी आली, तरी मी आधी ट्रनियन बघतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही ही दोन कामं समजून कुठलं आधी असं विचारताय. या गाडीत मी ती वेगळी करत नाही. खालची आर्म चॅसीला रबरी बुशमधून जोडलेली असते, तिच्यापासून मागे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, जातो आणि पुढे एक टाय बार जातो. टाय बारच्या पुढच्या टोकाला रबराच्या चकत्या असतात. वरची आर्म म्हणजे लिव्हर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा. ब्रेक लागतो तेव्हा ड्रमवरचा जोर बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीवर, येतो, तिथून स्विव्हल पिनवर, पिनवरून खालच्या आर्मवर आणि शेवटी टाय बारच्या त्या रबरावर. रबर कुजलं असेल तर ब्रेक दाबताच त्या बाजूची आर्म मागे सरकते आणि चाकाची दिशा बदलते. गाडी ओढते. ड्रायव्हरला वाटतं ब्रेक कमी-जास्त लागतोय.

मी सुरुवातीच्या वर्षांत यात पुरता अडकलो होतो. एका मायनरला चारही चाकांचे सिलिंडर नवे, शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) नवे, होज नवे, पुढचे ड्रम लेथवर साफ करून घेतलेले. तरी गाडी ओढायचीच. दोनदा ब्रेक परत उघडले. शेवटी एका माणसाला आत बसवलं, गाडी जेमतेम सरकवत ब्रेक दाबायला सांगितला आणि मी बाजूला आडवा होऊन बघत राहिलो. ब्रेक लागला की एका बाजूचा टाय बार बोटभर पुढे-मागे होत होता. चार रबरी चकत्यांनी ते काम संपलं.

म्हणून किट उघडायच्या आधी एक तास नुसता तपासणीला द्या. काही काढू नका, फक्त बघा आणि लिहून ठेवा.

सपाट जागेवर गाडी उभी करा, दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा सारखी भरा, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडे साधारण सारखं असेल तर टॉर्शन बार त्याच्या खाचांमधून हलवायची गरज बहुधा पडणार नाही. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर काम वाढतं. हे माप आत्ता घेतलं नाही, तर सगळं सुटल्यावर घेता येणार नाही.

मग पेडल. एकदा सावकाश दाबा आणि पाय तसाच ठेवा. इथे तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि बहुतेक जण त्यांना एकच समजतात. दोन-तीन दाबांत पेडल वर येऊन कडक होत असेल, तर शू ड्रमपासून लांब आहेत, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट गेली आहे. वर येतं पण स्पंजसारखं लागतं, तर लाइनमध्ये हवा आहे. कडक लागतं पण पाय ठेवला असताना हळूहळू खाली जातं, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक फ्लुइड चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचं) रबर आतून सोडतंय किंवा कुठेतरी गळती आहे. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, पण बारा वर्षं उभ्या गाडीत तिन्ही एकत्रही असू शकतात. आणि पेडल तळापर्यंत आपटू नका. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जितका सरकतो तितकाच भाग गुळगुळीत राहतो, त्यापुढे गंज बसतो. पेडल तळाला गेलं की रबर त्या गंजावरून घासतं आणि बरं असलेलं सीलही फाटतं.

तिसरी तपासणी चाकाची. चॅसीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावून पुढची चाकं हवेत घ्या. नुसत्या जॅकवर अजिबात काम करू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि बॅकप्लेट एकमेकांना धरतात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले लपतो. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. प्ले तसाच राहिला तर दोष ट्रनियनचा, नाहीतर खालच्या आर्मचा. मग टॉर्च घेऊन आत बघा, नेमकं कशात काय हलतंय. त्यानंतर टायरखाली लांब पहार घालून चाक हलकेच वर उचला. खालच्या ट्रनियनमध्ये पिन वर-खाली होताना दिसली तर पुढचं सगळं बाजूला ठेवा, तोच जोड आधी. शेवटी चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, म्हणजे स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि रॅकही कळेल.

गाडी डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक उघडतात. मी उजवं आधी उघडतो. गाडी जिकडे ब्रेक जास्त लागतो तिकडे ओढते आणि उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक जास्त लागण्यापेक्षा कमी लागण्याची शक्यता मोठी. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात, एका शूला एक. दोन्ही शू लीडिंग, म्हणजे ड्रमच्या फिरण्यानेच शू ड्रमवर आणखी दाबला जातो. त्यातला एक सिलिंडर जाम झाला की त्या चाकाचा अर्धा ब्रेक गेला. माझा अंदाज, उजवीकडचा एखादा सिलिंडर अडकलाय किंवा गळून लायनिंग (शूवरचं घासणारं अस्तर) भिजलंय. अंदाजच आहे हा. भिजलेलं लायनिंग कधीकधी उलटं पकडतंही, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय ठाम बोलू नये.

आता उघडायचं. कामाचा क्रम असा ठेवा की आधी सस्पेन्शन सुट्टं करून पक्कं बसवायचं आणि मग त्यावर ब्रेक. हब, ड्रम, होज हे सगळं सस्पेन्शनसाठी काढावंच लागतं. नवे शू बसवून मग ट्रनियन काढायला गेलात तर ग्रीस लायनिंगवर लागणार हे ठरलेलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मायनरचं मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीच्या दांडीत बसलेलं असतं आणि त्याचे बोल्ट काढताना टॉर्शन बार आडवा येतो. सस्पेन्शन सुटलेलं असताना त्या बाजूचा बार सैल असतो, तेव्हाच ते बोल्ट कमी त्रासात निघतात. आधी ब्रेकचं काम उरकायचं ठरवलं तर हाच बार दोनदा सोडावा लागतो.

पाने इंची मापाचे लागतात. मिलिमीटरचा पाना जवळजवळ बसतो आणि नटाच्या कडा गोल करतो. दोन दिवस आधीपासून प्रत्येक नटावर गंज सोडवणारं तेल टाकत राहा. स्टिअरिंगचा बॉल जॉइंट निघत नसेल तर त्याच्या तोंडावर हाणू नका. ज्या आर्ममध्ये तो बसलाय तिच्या डोळ्याला एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्याने ठोका द्या. टेपर सुटतो.

टॉर्शन बारबद्दल सावध राहा. चाक निघालं तरी बारमध्ये पीळ भरलेला असतो. खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून तिला आधार द्या, मग टाय बार आणि वरचा जोड सोडवा आणि जॅक सावकाश खाली घ्या. आर्म खाली येत जाते आणि पीळ उतरतो. त्या वेळी आर्मच्या वाटेत हात, पाय, डोकं काहीही नको. बार खाचांमधून काढावाच लागला तर आधी बार आणि आर्म, दोन्हींवर रंगाने खूण करा. डावा बार उजवीकडे लावायचा नाही, कारण वर्षानुवर्षं तो एकाच दिशेने पिळला गेलेला असतो. आणि त्याला पकडीने धरू नका. बारवरच्या एका ओरखड्यातून पुढे तडा जाऊ शकतो.

आता स्विव्हल पिन हातात घ्या. ट्रनियन पूर्ण फिरवून काढा आणि पिन स्वच्छ पुसा. चांगल्या पिनचे आटे माथ्यावर सपाट असतात, नखाला प्रत्येक आट्याची धार नव्हे, रुंदी जाणवते. झिजलेल्या पिनचे आटे सुरीसारखे टोकदार झालेले असतात, एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला काळपट. आत ग्रीसऐवजी तांबूस भुकटी निघाली तर पाणी शिरलं होतं असं समजा. ट्रनियन पिनवर अर्ध्यापर्यंत फिरवून कडेकडेने हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. इथे परिस्थितीवर अवलंबून असं मी म्हणणार नाही: आटे टोकदार दिसले तर पिन आणि ट्रनियन दोन्ही बदला. झिजलेल्या पिनवर नवं ट्रनियन फार काळ टिकत नाही.

बसवताना एक गोष्ट किटसोबतच्या कागदावर सहसा नीट लिहिलेली नसते. ट्रनियन शेवटपर्यंत आवळून ठेवायचं नाही. स्टिअरिंग फिरतं तसं ते आट्यांवर वर-खाली सरकतं, त्याला जागा लागते. शेवटपर्यंत फिरवा, मग इतकं मागे घ्या की दोन्ही लॉकपर्यंत, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळेपर्यंत, पिन कुठेही न अडता फिरेल. हे टेबलावरच तपासा, गाडीखाली नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग वेगळे असतात, एकमेकांना चालत नाहीत. ग्रीस भरताना चाक हवेत असू द्या. गाडीचं वजन आट्यांवर असताना ग्रीस ज्या बाजूला हवं तिथेच पोचत नाही. जुन्या ट्रायम्फ हेराल्डवाल्यांकडून तुम्हाला ट्रनियनमध्ये गिअर ऑइल भरायचा सल्ला मिळेल. त्यांच्या गाडीसाठी तो बरोबर आहे, त्यांचं ट्रनियन तेलावर चालतं. मायनरच्या निपलला ग्रीसच.

रबरी बुश बदलताना नट आत्ता फक्त हाताने घट्ट करा. शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावर. आर्म लोंबत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीत चिकटतं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नव्या बुशचा दोष म्हणून ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या, त्यातल्या बऱ्याच अशा आवळण्याच्या होत्या. पॉलियुरेथेनचे बुश घ्यायचे का हे तुमच्या वापरावर आहे. ते टिकतात, पण रस्ता जास्त जाणवतो. शांतपणे फिरवायच्या गाडीला मी रबरच लावतो.

लिव्हर शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून हाताने वर-खाली करून बघा. दोन्ही दिशांना सारखा, सलग विरोध हवा. मध्येच मोकळा गेला तर आधी तेल भरून पुन्हा बघा. त्याचं ठरलेलं तेल भरा, इंजिन ऑइल नको. भरायचा बोल्ट उघडण्याआधी वरचा चिखल पूर्ण साफ करा, एक खडा आत गेला तरी व्हॉल्व्ह अडतो. याहून महत्त्वाचं म्हणजे दांड्याच्या मुळाशी प्ले आहे का ते. हा दांडाच चाकाची वरची आर्म आहे. मुळाशी तो लुळा झाला की चाक वरून आत-बाहेर डुलतं. पुष्कळ जण अशा वेळी आधुनिक टेलिस्कोपिक शॉकचं किट लावतात. वरची आर्म म्हणून जुना दांडा तसाच राहत असेल, तर गाडी कमी उसळते पण चाकाचं डुलणं तसंच राहतं. दांड्यात प्ले असेल तर शॉक दुरुस्त करून घ्या किंवा बदला.

पुढच्या हबची बेअरिंग बॉलची आहेत, मध्ये अंतर राखणारी नळी आहे. टेपर रोलर बेअरिंगसारखं थोडं सैल सोडायचा नियम इथे लावू नका. नट सांगितलेल्या टॉर्कने पूर्ण आवळायचा, नवी स्प्लिट पिन घालायची. ग्रीसचं सील प्रत्येक वेळी नवं.

आता ब्रेक. तुमची गाडी १९५९ची, म्हणजे पुढे ७ इंची ड्रम. १९६२मध्ये १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम ८ इंची झाले. मधल्या काळात कोणी पुढचा सगळा भाग बदलला असू शकतो, म्हणून किट उघडण्याआधी ड्रमचा आतला व्यास मोजा. चुकीच्या मापाचे शू परत करायला मग उशीर झालेला असतो.

ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओलं करा, कपड्याने टिपून तो कपडा पिशवीत बांधून टाका. मग सिलिंडरच्या रबरी टोप्या हलकेच उचला. आत कोरडं किंवा जेमतेम ओलसर असेल तर ठीक. तपकिरी, दाटसर द्रव ओघळला तर तो सिलिंडर गेला. पिस्टन काढून आतली भिंत उजेडात धरा आणि नख फिरवा. डाग पुसले जातात, खड्डे जात नाहीत. खड्डा जिथे नखाला अडतो तिथे नवं रबर काही महिन्यांत कापलं जातं. पॉलिश पेपरने खड्डा घालवायचा प्रयत्न केला तर भोक मोठं होतं, ते आणखी वाईट. किट फक्त गुळगुळीत सिलिंडरसाठी, खड्डे असतील तर सिलिंडर नवा. आणि एका बाजूला नवा घेतला तर समोरच्या बाजूलाही घ्या. पुढच्या चाकांना डावं-उजवं नेहमी जोडीने.

रबराला पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस काहीही लागू देऊ नका. खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि सिलिंडर जाम होतात. धुवायला ब्रेक फ्लुइड किंवा मेथिलेटेड स्पिरिट, जोडताना ब्रेक फ्लुइड किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस.

होजबद्दल मी चर्चा करत नाही. तिन्ही नवे, पुढचे दोन आणि मागचा एक. जुना होज बाहेरून सुंदर दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पायाच्या जोराने फ्लुइड पुढे जातं, पण परत येत नाही, आणि चाक तापत राहतं. बसवताना होजला पीळ बसू देऊ नका. दोन्ही लॉकला स्टिअरिंग फिरवून तो कशाला घासत नाही ना ते बघा. लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजतात, म्हणून प्रत्येक क्लिप उघडून बघा. नवे करायचे तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे चांगले. एकच काळजी: या गाडीच्या पाइपचे नट इंची आट्यांचे, ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आजचे १० मिलिमीटरचे नट शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. एखाद-दुसरा आटा धरतातही. मग आटे मारतात किंवा गळतात. नट हाताने चार-पाच आटे सहज जात नसेल तर तिथेच थांबा.

मास्टर सिलिंडरसाठीही नखाचीच परीक्षा. जोडून झाल्यावर पेडलचा दांडा पिस्टनला टेकण्याआधी थोडा मोकळा प्रवास राहतोय ना ते तपासा. मोकळा प्रवास नसेल तर फ्लुइड परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. गाडी तापते, फ्लुइड फुगतं, त्याला वाट मिळत नाही आणि काही मैलांनी ब्रेक आपोआप लागू लागतात. यात लोक चारही चाकं पुन्हा उघडतात आणि दोष पेडलजवळ असतो.

शू बसवताना स्प्रिंग काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडा. मग प्रत्येक शूचा अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, एक खाच मागे घ्या, पेडल दाबून शू मध्यभागी येऊ द्या, पुन्हा बघा. पुढे दोन अ‍ॅडजस्टर आहेत हे विसरून एकच फिरवणारे मी पाहिलेत आणि तुमच्यासारखंच पेडल दोनदा मारावं लागतं त्यांना.

फ्लुइड डॉट ४ घ्या. ताज्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान १५५. हा फरक ओलाव्याचा, म्हणून उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नका आणि साधारण दोन वर्षांनी फ्लुइड बदला. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंगही खराब करत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांना काही जण ते वापरतात. वापरायचं असेल तर सगळी रबरं नवी आणि पाइप पूर्ण कोरडे हवेत. डॉट ४मध्ये ते मिसळायचं नाही. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ हे सिलिकॉनचं नाही, ते डॉट ४च्या जातीचं आहे.

हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) उघडा, पेडल सावकाश खाली, निपल बंद, मग पेडल वर. घाई केली की हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि तासभर निघत नाहीत. या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून हँडब्रेक या कामातच नीट करा, पुढच्या महिन्यात नाही. शिवाय पुढचे दोन्ही शू लीडिंग असल्याने गाडी मागे जाताना पुढचे ब्रेक बरेच कमी धरतात. उतारावर मागे घेताना याची आठवण ठेवा.

गाडी चाकांवर उतरवा, दाबून सोडा, बुश आवळा, उंची पुन्हा मोजा. मग टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली ठेवणं. या गाडीला ३/३२ इंच, म्हणजे जवळपास अडीच मिलिमीटर. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून घरीही बऱ्यापैकी जमतं, पण शेवटी एकदा अलाइनमेंटच्या मशिनवर बघून घ्या.

पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. दहा-बारा वेळा थांबा. मग थोडं फिरवून चारही ड्रम हाताने बघा. पुढचे दोन एकमेकांइतके कोमट हवेत. एक थंड असेल तर तो ब्रेक लागत नाही, एक चटका देत असेल तर तो सुटत नाही. दुसऱ्या दिवशी फ्लुइडची पातळी बघा आणि सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा, ट्रनियनला पुन्हा ग्रीस.

आता डिस्क. मूळ ९४८ सीसी इंजिन आणि बेताचा वेग असेल तर नीट जुळवलेले ७ इंची ड्रम या गाडीला पुरतात. घाटात, भरलेल्या गाडीने वारंवार जायचं असेल किंवा इंजिन मोठं टाकलं असेल तर ८ इंची ड्रम किंवा डिस्कचा विचार करा. पण सिलिंडर, मास्टर सिलिंडर, हब हे सगळं एकमेकांना जुळणारं, एकाच संचातलं घ्यावं लागतं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला चालत नाही, पॅड सतत घासत राहतात. आणि डिस्क लावली तरी स्विव्हल पिन, ट्रनियन, टाय बार तेच. ब्रेक जास्त ताकदीचे झाले की त्या जोडांवरचा ताणही वाढतो. म्हणून आत्ता ड्रमच पूर्ण करा, एक मोसम चालवा, मग ठरवा.

आज फक्त दोन मापं घ्या: दोन्ही बाजूंची उंची, आणि पहार घालून खालच्या ट्रनियनमध्ये पिन वर-खाली होते का ते. पिन हलताना दिसली तर ब्रेकचं किट अजून उघडूच नका, त्याआधी दोन्ही बाजूंच्या पिन आणि ट्रनियन मागवा.